जपानविरुद्ध मी मारलेला गोल

जर्मनीला जाऊन आलेलं आणि प्रवासवर्णन न लिहिलेलं मराठी माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही. तिथली स्वच्छता, तिथली शिस्त, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या, आणि शेवटच्या परिच्छेदात 'पण आपल्या मातीची सर कशाला नाही' म्हणून डोळ्याला पदर. हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे असं मी धरून चालते. गाड्या वेळेवर सुटत नाहीत, एवढी एक दुरुस्ती करते आणि पुढे जाते. मला लिहायचं आहे ते एका गोलाबद्दल.

मी शालिनी, कोल्हापूरची. मुलींच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवून निवृत्त झाले. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. एका पेठेची टीम हरली की त्या पेठेत दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. पण हा सगळा पुरुषांचा मामला. बायकांनी गच्चीतून बघायचं आणि घरी आलेल्यांच्या गुडघ्यांना हळद लावायची. माझ्या वडिलांचं डोकं जरा फिरलेलं असावं, कारण त्यांनी मला भावाचे बूट दिले, बोटांपुढे कापूस कोंबून, आणि पहाटे मैदानावर नेलं. लोक काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे अठराव्या वर्षी भारताच्या मुलींच्या संघात राखीव म्हणून माझी निवड झाली आणि आम्ही पूर्वेकडच्या एका शहरात आशियाई स्पर्धेला गेलो.

आमच्या घरात ही गोष्ट पुढे अशी सांगितली जाते, की तिथे मी जपानविरुद्ध गोल मारला.

खरी गोष्ट वेगळी आहे. एक तर तो स्पर्धेतला सामना नव्हता. एका शाळेच्या मागच्या मैदानावर झालेला सराव सामना, ज्यात दोन्ही संघांनी आपल्या राखीव पोरी उतरवल्या होत्या. त्याची नोंद कुठे नाही, फोटो नाही. जपानच्या एका मुलीनं अंगावर येणारा बॉल दोन्ही हात छातीवर आडवे धरून अडवला, पंचांनी पेनल्टी दिली, आणि ती मारायला मी पुढे झाले. बॉल बारवरून गेला. पेनल्टी हुकली, सामना शून्य-शून्य सुटला आणि दुसऱ्या दिवशी मला संघातून काढलं.

परत आले तेव्हा स्टेशनवर वडील उभे होते, बरोबर पेठेतलं दहा-बारा जणांचं टोळकं. लोकांची बोलणी खाऊन त्यांनी मला पाठवलं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" आणि मी म्हणाले, "गोल मारला." दुसरं काय सांगणार होते, कप्पाळ? पुढे वडील गेले, पेठ पांगली, पण तो गोल राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही ती कधी उघडली नाही.

स्टुटगार्ट

मुलगा संदीप तिथे एका मोटार कंपनीत इंजिनियर आहे, त्याच्याकडे आम्ही दोघं राहायला गेलो. सून गौरी सॉफ्टवेअरवाली आणि पुण्याची, त्यामुळे घरात शिस्त जर्मनांची आहे की पुण्याची हे पहिले चार दिवस मला समजलं नाही. रविवारी मिक्सर लावायचा नाही. "अहो आई, रविवारी रुहेत्साइट असतो, आवाज केला तर खालच्या बाई तक्रार करतात." दुपारी एक ते चार शांतता पाळणारा देश मी पहिल्यांदाच बघितला असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, गौरी, तुझं माहेर कुठलं?

शहर सगळं डोंगरउतारावर. ट्रॅममधून उतरायचं आणि घरापर्यंत पायऱ्या चढायच्या. आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट होते, त्यांना चालायची सवय फक्त वजनकाट्यापासून कँटीनपर्यंत. प्रत्येक वळणावर उभे राहून ते "काय सुंदर दृश्य आहे" म्हणायचे. मी मोजली, एका चढणीत सहा सुंदर दृश्यं होती.

तिथे केअरवोखे नावाचा एक प्रकार आहे. इमारतीचा जिना झाडायची पाळी. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला एक पाटी लटकते. जिना इतका स्वच्छ असतो की त्यावर भात वाढून जेवावं, तरी तो झाडायचाच, आणि झाडताना कुणीतरी बघायलाच हवं. आमची पाळी आली तेव्हा गौरी ऑफिसात. म्हटलं, सून आपली, मदत करू. दोन बादल्या पाणी वरच्या मजल्यावरून सोडलं आणि खराट्यासारखं काहीतरी घेऊन खाली आले. आमच्याकडे अंगण असंच धुतात. पाणी तीन मजले उतरून खालच्या बाईंच्या दाराखालून आत गेलं. त्या बाहेर आल्या, ओल्या चपलांकडे बघितलं आणि मला म्हणाल्या काहीतरी. भाषा कळली नाही, पण सूर ओळखीचा होता. घरोघरी मातीच्या चुली.

माझी नात ईरा अकरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. "ईरा, पोळी वाढू?" "या." म्हणजे हो. "तूप घालू?" "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. मी म्हटलं, संदीप, ही आपल्या घरात राहते की वकिलातीत? त्यावर तो म्हणाला, "आई, तिला बोलता येतं, पण लाज वाटते. चुकलं की तू हसतेस." हा आरोप मी साफ फेटाळला आणि मग आठवून पाहिलं, तर होता खरा.

तर ही ईरा क्लबातल्या मुलींच्या टीममध्ये खेळते. स्वतःचे बूट, स्वतःच्या मापाचे. तिला बघायला मैदानावर आई-बाप खुर्च्या टाकून बसतात, कुणी काही बोलत नाही, आणि पाऊस आला तर छत्री पोरींच्या आधी पिशव्यांवर धरतात. मला आनंद झाला. थोडा रागही आला, तो कुणावर ते समजलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ईरा एक कागद नाचवत घरी आली. हेर्त्सोगेनआउराख नावाच्या गावात मुलींची स्पर्धा, दोन दिवसांची. दुपारी एक पाहुणी बोलणार. विषय, जपानच्या महिला फुटबॉल संघाची सुरुवातीची वर्षं. पाहुणी जपानी, मिचिको तिचं नाव, त्या पहिल्या दिवसांत जपानच्या संघाबरोबर राखीव म्हणून असलेली, आता कित्येक वर्षं तिथेच राहणारी.

"आजी!" ईरा म्हणाली आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये. गौरीनं भाषांतर केलं. "म्हणतेय, तिनं कोचला सांगितलंय की माझ्या आजीनं जपानविरुद्ध गोल मारलाय. कोच तुम्हां दोघींची भेट घालून देणार आहे. सगळ्या टीमला माहीत आहे."

यांनी पेपरातून डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत पेपरात घातलं.

"मला तिथे यायला जमणार नाही," मी म्हणाले. "गुडघे."

"अगं, गाडीनं जायचं आहे," हे म्हणाले. "गुडघे काय पळत न्यायचेत?"

हेर्त्सोगेनआउराख

नाव उच्चारायला मला दोन दिवस लागले, गाव बघायला दोन तास पुरतात. लाकडी चौकटींची घरं, दगडी चौक, चर्च, आणि गावाबाहेर खेळाच्या बुटांच्या दोन अवाढव्य कंपन्या. त्यांची कथा गौरीनं गाडीत सांगितली. दोन सख्खे भाऊ, एकत्र बूट करायचे, भांडले, वेगळे झाले, आणि दोघांनी एकाच गावात आपापली कंपनी काढली. म्हणे पूर्वी गावातली माणसं समोरच्याच्या तोंडाआधी पायांकडे बघायची, कुठल्या भावाचे बूट घातलेत म्हणून. हे ऐकून मला त्या गावाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. आमच्याकडे भाऊबंदकीत फार तर मधे भिंत येते आणि कोर्टाच्या तारखा. यांनी जगाला बूट घातले.

शुक्रवारी एका गास्टहाउसमध्ये उतरलो. जेवायला बटाट्याचा एक गोळा आला, क्रिकेटच्या चेंडूएवढा, रश्श्यात पोहत असलेला. बरोबर डुकराचं मटण. रस्सा तपकिरी आणि दिसायला अगदी आपल्यासारखा, पण तिखटाचा पत्ता नाही. मी पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली. संदीप म्हणाला, "आई, इथे नको." मी म्हटलं, तू हळूच इकडे तिकडे बघ, मी घालते. तेवढ्यात ताटली पुढे केली कुणी, तर यांनी.

पण खरं सांगायचं तर घास उतरत नव्हता. चोराच्या मनात चांदणं. जपानच्या राखीव मुली अशा कितीशा असणार? ही मिचिको त्या मैदानावर असली तर तिला माहीत असणारच की बॉल वरून गेला. उद्या पोरींसमोर ती म्हणेल, "गोल? कुठला गोल?" आणि ईरा माझ्याकडे बघेल. बाकी कुणी काही म्हणो. वडिलांसाठी मारलेला गोल मला आता नातीसमोर परत द्यावा लागणार होता, आणि माझी तयारी नव्हती. सकाळी डोकं दुखतंय म्हणून खोलीतच पडून राहायचं असं मी ठरवलं.

सकाळी ईरा खोलीत आली. अंगात टीमचा शर्ट, वेणी घट्ट. माझे बूट माझ्यापुढे ठेवले आणि मराठीत म्हणाली, "चल." एकच शब्द, पण शुद्ध. गेले.

शनिवार, मैदान

तिथे स्पर्धेला पाहुण्या टीमच्या आया केक करून आणतात आणि टेबलावर मांडून विकतात. गौरीच्या नावावर एक केक लिहिलेला होता. मी म्हटलं, केक सगळ्याच आणतील, आपण भडंग नेऊ. चुरमुरे मी कोल्हापुराहूनच आणले होते. लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, आणि मसाला मी हात राखून घातला होता, देवाशपथ. तरी पहिल्या जर्मन मुलानं मूठभर तोंडात टाकलं आणि तो रडत आईकडे पळाला. मग इतर मुलं रांग लावून आली, कोण रडतं ते बघायला. गौरी टेबलामागे घामाघूम होऊन पाण्याचे पेले भरत राहिली आणि संदीप तिच्या मदतीला. हे मुद्दाम सांगते, कारण त्यामुळे दुपारी माझ्याजवळ दुभाषी म्हणून ईराखेरीज कुणी उरलं नाही. मिचिको जर्मन बोलणार, मला जर्मन येत नाही, आणि माझं इंग्रजी 'स्टँड अ‍ॅट ईज'च्या पुढे जात नाही.

ईराची टीम एक सामना जिंकली, एक हरली. मग सगळ्या पोरी गवतावर बसल्या आणि मिचिको आली. साठीच्या आसपासची, बुटकी, ताठ, पांढरे केस बॉबकट. याच गावात बुटांच्या कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेली. बाटल्यांचा एक प्लास्टिकचा क्रेट उलटा करून ती त्यावर उभी राहिली. मी मागच्या रांगेत, यांच्या पाठीआड. ईरा माझ्या कानाशी.

"ती म्हणते," ईरा थांबत थांबत बोलायला लागली, "त्यांना शर्ट दिले, पण ते पुरुषांचे. इथपर्यंत." तिनं गुडघा दाखवला. "आणि बूट मुलांचे. आत कागद घातला."

"कागद?" मी म्हटलं. "आम्ही कापूस."

"श्श, आजी. ती म्हणते, सगळे हसायचे. मुली काय फुटबॉल खेळतात. आणि मुलींसाठी वेगळे नियम होते. बॉल छोटा. वेळ कमी. आणि, आल्झो, म्हणजे, मुलींना इथे लागू नये म्हणून," ईरानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "हात असे ठेवायला अलाऊड होतं. ते हँड नव्हतं, फाउल नव्हता."

क्रेटवर उभ्या मिचिकोनं दोन्ही हात छातीवर आडवे धरून दाखवले. कोपरं अंगाला चिकटलेली, मुठी खांद्याजवळ, हनुवटी आत. चाळीस वर्षांत चेहरा कसा ओळखणार? पण ते हात मी ओळखले.

"मग ते दुसऱ्या देशात गेले," ईरा सांगत होती. "तिथे बॉल मोठा आणि नियम सगळ्यांचा सेम. तिला सांगितलं होतं, हात नाही लावायचा. पण बॉल आला आणि हात आपोआप वर गेले. प्रॅक्टिस मॅच होती. इंडियाशी." ईरानं माझा दंड पकडला. "आजी, इंडिया!"

"ऐकतेय मी."

"पेनल्टी दिली. कोचनं तिला लगेच बाहेर बोलावलं. ती टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तिनं बघितलं नाही. फक्त आवाज ऐकला, इंडियाच्या मुली खूप जोरात ओरडल्या. गोल झाला."

मी ईराकडे बघितलं. "काय झाला?"

"गोल झाला. तुझा!"

ओरडा झाला होता हे खरं. आमच्या कॅप्टननं मला घातलेल्या शिव्या होत्या त्या, आणि तिचा आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू जाण्यासारखाच होता. पण ही बिचारी भिंतीकडे तोंड करून बसलेली. सराव सामना, फळा नाही, पेपरात बातमी नाही. दुसऱ्या दिवशी तिला संघातून काढलं, ईरा पुढे सांगत होती. आणि तिच्या मैत्रिणींनी, तिला वाईट वाटू नये म्हणून, त्या पेनल्टीचा विषय पुन्हा कधीही काढला नाही. चाळीस वर्षं! केवढा तो शिष्टाचार. आमच्यात असतं तर पोरीच्या बारशातसुद्धा चिडवलं असतं, पण निदान बॉल कुठे गेला हे तरी तिला कळलं असतं.

"ती म्हणते," ईराचा आवाज जरा खाली आला, "मग खूप वर्षांनी जपानच्या मुली इथे जर्मनीत वर्ल्ड कप जिंकल्या. फ्रँकफर्टला. ती स्टेडियममध्ये होती, ती रडली. शेजारच्या माणसानं विचारलं, तुम्ही पण खेळत होता का? ती म्हणाली, नाही."

ती खेळली होती आणि नाही म्हणत आली. मी गोल मारला नव्हता आणि मारला म्हणत आले. एकाच पेनल्टीवर आम्ही दोघी आयुष्यभर खोटं बोललो, फक्त हिनं स्वतःला कमी केलं आणि मी स्वतःला फुगवलं. कोणाचं खोटं जास्त वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.

एवढ्यात ईराची कोच उठली. काट्रिन नाव तिचं, उंचीपुरी, उत्साही बाई. तिनं टाळ्या वाजवून काहीतरी जाहीर केलं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. भाषांतराची गरज नव्हती. यांनी बाजूला होऊन मला वाट करून दिली. एरवी लग्नाच्या पंगतीत हा माणूस वाट देत नाही.

मिचिको क्रेटवरून उतरली. माझ्यापुढे आली, थांबली, आणि कंबरेतून वाकून नमस्कार केला. वाकलेलीच राहिली. मग हळू आवाजात काही बोलली.

"ती म्हणते, सॉरी आणि अभिनंदन," ईरा म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "ती म्हणते, तो चांगला गोल असणार."

आता बघा. रात्रभर जिची धास्ती घेतली तीच बाई माझा गोल मंजूर करायला आली होती. खुद्द जपान साक्षीला. मी नुसतं हसून मान डोलावली असती तर काम फत्ते झालं असतं आणि तो गोल माझ्या तेराव्यापर्यंत टिकला असता. मोह झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच झाला. पण ती बाई अजून वाकलेली होती. माझ्या न झालेल्या गोलासाठी ती चाळीस वर्षं वाकलेलीच होती म्हणा ना.

"ईरा," मी म्हणाले, "त्यांना सांग, गोल झाला नाही."

"काय?"

"बॉल बारवरून गेला. मी हुकवली. सांग."

तिचं तोंड एवढंसं झालं. "पण मी सगळ्यांना सांगितलंय, आजी."

"मीही सगळ्यांनाच सांगितलंय, बाळ. तू दोन वर्षं सांगते आहेस, मी चाळीस. चुकलं माझं. तू सांग त्यांना, मला त्यांच्या भाषेत सांगता येत नाही."

ईरानं आधी जमिनीकडे बघितलं, मग टीमकडे. मग मिचिकोकडे वळून बोलायला लागली. मी सांगितलं होतं एका वाक्याएवढं, ती बोलली चांगली चार-पाच वाक्यं. काट्रिनचा टाळ्या वाजवायला उचललेला हात तसाच राहिला. मिचिको सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे बघत एकच प्रश्न विचारला.

"ती विचारते, नक्की?"

"नक्की. बारवरून, भिंतीवरून, पलीकडे. बॉल आणायला मलाच पाठवलं."

मिचिकोनं डोळे मिटले. मला वाटलं आता रडणार. पण उघडले तेव्हा त्यांत राग होता. "मग," ती म्हणाली आणि ईरानं चाचरत सांगितलं, "मग मला का काढलं?"

मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. "मलाही काढलं. तुझ्यासारखंच, दुसऱ्या दिवशी. तुला पेनल्टी ओढवली म्हणून काढलं आणि मला ती घालवली म्हणून काढलं. एका बॉलवर दोन विकेट."

विकेटचं जर्मन ईराला येईना. तिनं हातवारे करून काहीतरी समजावलं. मिचिको ऐकत राहिली, आणि मग एकदम हसायला लागली. साधंसुधं नाही, पोट धरून. हसता हसता दोन्ही हात छातीवर आडवे गेले, तसेच, कोपरं अंगाला चिकटलेली. मी बोट दाखवून ओरडले, "हँड! हँड!" ते सगळ्या जगाला समजतं. पोरी हसल्या, काट्रिन हसली, आणि का कोण जाणे, मला रडू आलं. भर मैदानात, चांगलं हुंदके देऊन.

मग आम्ही दोघी केकच्या टेबलामागे बसलो आणि तिनं भडंग खाल्लं. नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं वाटी पुढे केली. तांदळाचंच आहे ना, म्हणाली. तिच्या बुटातला कागद, माझ्या बुटातला कापूस, तिला हसणारे शेजारी, मला हसणारी पेठ, असं आमचं तासभर चाललं. मधे ईरा बसून दोन्हीकडे बोलत होती. मराठीत चुका शंभर करत होती, आणि मी एकदाही हसले नाही. गौरीनं नंतर काट्रिनकडून ऐकून मला बाजूला घेऊन सांगितलं, "अहो आई, ईरानं तेव्हा काय सांगितलं माहितीये? म्हणाली, माझी आजी आधी खोटं बोलत होती, आता खरं बोलतेय. प्लीज तिच्यावर रागावू नका, तिला त्या दिवशी खूप भीती वाटली असणार."

मी तिला भीतीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

परतताना

रविवारी गाडीत ईरा मागे झोपली होती. संदीप गाडी चालवत होता आणि त्याच्या मानेवरूनच कळत होतं की त्याला काही विचारायचंय आणि विचारवत नाही. लहानपणी हा मुलगा शाळेत माझ्या गोलावर निबंध लिहून आला होता. शेवटी मीच म्हटलं, "बोला काय बोलायचं ते. फसवलं मी सगळ्यांना."

"मला नाही फसवलंस," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, तू दर वेळी गोल वेगळ्या कोपऱ्यात मारायचीस. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत डावीकडे खाली मारलास. संदीपच्या मुंजीत उजवीकडे वर. माझ्या रिटायरमेंटच्या जेवणात तर गोलीच्या पायांमधून. उसातून साखरेचा उतारा किती पडतो ते मोजण्यात जन्म गेला माझा, एवढा हिशेब चुकेल होय?"

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पेनल्टी मारायला उभी राहिली होतीस एवढं खरं होतं ना? ते पुरे होतं मला."

आमटीत मीठ कमी पडलं तर गल्लीला ऐकवणारा हा माणूस. त्यांनी मग डोळे मिटून घेतले आणि सुंदर दृश्यं बघायची सोडून घोरायला लागले.

कोल्हापूर

परत येऊन महिना झाला. गोलाची दुरुस्ती मी सगळीकडे करते आहे. पेठेतल्या एका म्हाताऱ्यांना सांगितलं तर ते भडकले. "ताई, उगाच काहीतरी बोलू नका, आम्ही स्टेशनवर होतो तेव्हा." आता काय करता? साक्षीदारच इतके पक्के.

परवा ईराचा फोन आला. हल्ली ती मराठीत बोलते आणि शब्द अडला तर जर्मनमध्ये न जाता आईला मराठी विचारते, इतका उलटा कारभार झालाय. मिचिको तिला पत्र लिहिते म्हणे. गेल्या आठवड्यात त्यांच्या गावच्या शाळेत मिचिकोला बोलावलं होतं. एका मुलीनं विचारलं, तुम्ही जपानकडून खेळलात का?

"मग?" मी म्हटलं.

"ती म्हणाली, हो. इंडियाशी. आणि इंडियाची पेनल्टी बारवरून दोन मीटर वर गेली." ईरा हसत होती. "आजी, तिला विचारायचंय, दोन मीटर बरोबर आहे ना? तिनं बघितलं नव्हतं ना."

मी क्षणभर आठवून पाहिलं.

"कमी आहे," मी म्हटलं. "तीन सांग."